अक्काच्या गाडीचं गॅस्केट

त्या दिवशी सकाळी मी तोंडात ब्रश धरून अंगणात उभा होतो आणि अक्का गाडी चालू करत होती. पहिल्या खेपेला इंजिन नुसतं खोकलं, दुसऱ्या खेपेला धरलं, आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा असा लोट आला की तुळशीकट्ट्यासकट मी दिसेनासा झालो. थंडीच्या दिवसांत सगळ्याच गाड्या थोडी वाफ सोडतात, पण ही वाफ थांबायचं नाव घेईना. मी वाकून वास घेतला. पेट्रोलच्या वासाखाली नुसती ओल होती, न्हाणीघरात येते तशी.

"अक्का, ही गाडी पाणी पितेय," मी तोंडातला फेस सांभाळत म्हणालो.

"तहान लागली असेल," ती म्हणाली आणि गिअर टाकून शाळेला निघून गेली.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला होतो. तयार झालेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागावर, हातोडीनं ठोका मारायचा, आवाज ऐकायचा, आणि केसाएवढी जरी चीर असली तरी माल बाजूला काढायचा, हे माझं काम. कामात मी पक्का होतो आणि हे मला फारच चांगलं माहीत होतं. घरी आल्यावरही माझी हातोडी थांबत नसे. भाजीत मीठ किती, शेजाऱ्याची भिंत किती तिरकी, पाहुण्याच्या बोलण्यात खोटं किती, सगळ्यावर माझा शेरा तयार. माझी बायको उज्ज्वला त्यावर काही बोलत नसे. ती शांत आहे असा माझा समज होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शकुंतला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले तेव्हा ती कॉलेजात होती. तिनं शाळेत नोकरी धरली, मला शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, आईचं आजारपण शेवटपर्यंत काढलं. या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. आई गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो. पहाटे उठून अक्का सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची, माझा डबा भरायची आणि पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावातल्या हायस्कुलात शिकवायला जायची. चाळिशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली आणि निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरांची जुनी पांढरी गाडी तिनं विकत घेतली. शाळेच्या वाटेवर चढ आहे, आणि त्या चढावर गाडी तापायची.

गाडी तापायची म्हणून अक्का दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, रंकाळ्याच्या मागच्या बाजूला असलेल्या विलास कोठावळे यांच्या गॅरेजला जायची. घरी यायला संध्याकाळ व्हायची. हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं. वर्षभर गाडी दुरुस्त होत होती आणि वर्षभर तापत होती. म्हणजे तो मेकॅनिक माझ्या भोळ्या बहिणीला फसवत होता, याबद्दल मला शंका नव्हती. मी हे उज्ज्वलाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, असू दे की. मी तिलाही भोळी ठरवलं.

त्या धुरानंतरच्या रविवारी मी तपासणी हाती घेतली. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. सकाळी त्यावर पाण्याचा एक थेंब नव्हता. तरी रेडिएटरमध्ये बोट घातलं तर पाणी दोन बोटं खाली. म्हणजे पाणी बाहेर गळत नव्हतं, आतल्या आत जात होतं. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं, तर त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ, पिवळट लोण्यासारखा थर. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की असंच होतं. मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. पाण्यात बुडबुडे यायला लागले, चहाला आधण यावं तसे.

मी उज्ज्वलाला हाक मारून बोलावलं आणि समजावून सांगितलं. इंजिनाचं धड खाली आणि डोकं वर असतं. दोघांच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, त्याला गॅस्केट म्हणतात. त्याच्यामुळं पाणी पाण्याच्या वाटेनं जातं, ऑइल ऑइलच्या, आणि आग आपल्या जागी राहते. ते झिजलं, जळलं, की सगळं एकमेकांत शिरतं आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. उज्ज्वलानं सगळं नीट ऐकून घेतलं. "बाहेरून तुम्हाला दिसलं ना, झालं तर," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना मी कोठावळ्यांच्या गॅरेजला गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. कोठावळे पन्नाशीचे, उंच, डोक्यावरचे केस मागं हटलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला, हे अक्काच्या बोलण्यात कधीतरी आलं होतं. गॅरेजच्या दाराशी त्यांनी ऑइलच्या रिकाम्या डब्यांत शेवंती लावली होती. भरघोस आली होती. मला वाटलं, या माणसाला कामं नसावीत.

मी माझी ओळख सांगितली आणि गाडीला काय झालंय ते विचारलं. त्यांनी लपवाछपवी केली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ते सरळ म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय. गाडी पहिल्यांदा आली तेव्हाच बाईंना सांगितलंय मी."

"मग बदललं का नाही?"

ते शेवंतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, बाईंचंच म्हणणं पडलं की पाणी घालून चालतंय तर चालू दे, घाई नाही. त्यांनी हेही सांगितलं की ते दर शनिवारी स्वतः बघतात, ऑइल वेळेवर बदलतात, इंजिनाला अपाय होऊ देणार नाहीत. हे सगळं सांगताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी तो घाम चोराचा म्हणून नोंदवला.

रात्री जेवताना मी अक्काला विचारलं की गॅस्केट का बदलत नाहीस. ती म्हणाली, चालतेय ना गाडी, तुला काय करायचंय. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, रागावली. त्या दिवसांत ती शाळेला जाताना केसांत शेवंती घालायची. मला वाटलं, बाजारात आवक वाढली असेल. डोक्यात कितीही पुरावे आले तरी त्यांची मोळी बांधायची बुद्धी मला नव्हती.

दिवाळीत फौंड्री बंद असते. त्या वर्षी अक्का धारवाडला मावशीकडं गेली, एसटीनं, कारण गाडीचा भरवसा नव्हता. ती भाऊबीजेला परत येणार होती. मी ठरवलं, यंदा बहिणीला साडी द्यायची नाही. गाडी दुरुस्त करून द्यायची.

गॅस्केट आणलं. फौंड्रीतल्या एका मित्राकडून, बोल्ट किती जोरानं आवळला जातोय ते काटा दाखवणारा मोठा पाना आणला. अंगणात जुन्या चादरीचं कापड अंथरलं आणि कामाला लागलो. पाणी काढलं, ऑइल काढलं, बॅटरीची वायर सोडली, कार्बोरेटर उतरवला. निघालेले बोल्ट हरवू नयेत म्हणून मी उज्ज्वलाचा मिसळणाचा डबा घेतला. मोहरीच्या वाटीत छोटे बोल्ट, हळदीच्या वाटीत वॉशर. ऐन दिवाळीत मसाल्याचा डबा अंगणात गेलेला बघून तिनं कपाळाला हात लावला, पण मी मोठ्या कार्याला बसलो होतो. कशाच्या जागी काय होतं हे कळावं म्हणून झडपा उघडणारे सगळे लांब दांडे मी पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं खोवून ठेवले. हे मात्र चांगलं केलं. बाकी, पहिल्या दिवशी माझ्या बोटांची सालटी निघाली, नाकाला ग्रीस लागलं, आणि शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले की अभ्यंगस्नान जरा उशिरा आटोपलेलं दिसतंय.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत सैल केले. हेड चिकटून बसलं होतं. लाकडी ठोकळा लावून हलके ठोके मारले तेव्हा ते सुटलं. उज्ज्वलानं एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही ते उचलून चादरीवर ठेवलं. खाली गॅस्केट होतं, आणि दुसऱ्या नि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली चिंचोळी पट्टी जळून गेली होती. काळी रेघ थेट पाण्याच्या भोकापर्यंत गेलेली. मी ते गॅस्केट उजेडात धरलं आणि उज्ज्वलाला म्हणालो, बघ, मी म्हणत होतो की नाही. तेव्हा मी जितका खूश होतो तितका माझ्या लग्नातही नव्हतो, असं तिनं नंतर सांगितलं.

दोन्ही बाजू खरवडून लख्ख केल्या. हेड वाकलेलं नाही ना, ते सरळ पट्टी ठेवून बघितलं. नवं गॅस्केट बसवलं, आणि सगळं आवळायच्या आधी लक्षात आलं की ते उलटं बसलंय. वरची बाजू कुठली ते त्यावर ठळक लिहिलेलं असतं. दोष शोधणाऱ्या माणसानं ते वाचलं नव्हतं. परत काढलं, सुलटं घातलं. मग बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, काट्याकडं बघत आवळले. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुपारी किल्ली फिरवली. इंजिन लगेच धरलं आणि मांजरासारखं गुरगुरत राहिलं. धूर नाही, बुडबुडे नाहीत. मी गाडी पन्हाळ्याच्या चढावर नेऊन आणली. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही.

भाऊबीजेला अक्का आली. अंघोळ करून तिनं ताट तयार केलं, मला ओवाळलं. मी ताटात गाडीची किल्ली ठेवली आणि पाठीमागं लपवलेलं जुनं गॅस्केट तिच्यापुढं धरलं. सगळी हकिगत सांगितली, उलट्या गॅस्केटचा भाग सोडून. शेवटी म्हणालो, "आता तुला त्या गॅरेजची पायरी चढायला नको."

अक्कानं तो जळका पत्रा हातात घेऊन उलटून बघितला. मग म्हणाली, "छान केलंस." एखाद्या पोरानं पानभर उत्तर लिहावं आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं असावं, तेव्हा ती ज्या आवाजात बोलायची, तो आवाज होता. निरांजन विझवून ती आत गेली.

शाळा सुरू झाली. शनिवारी अक्का दुपारी साडेबाराला घरात. जेवली आणि वह्या तपासत बसली. पुढच्या शनिवारी तसंच. वह्यांवर लाल शाईचा नुसता सडा पडू लागला. ती आमच्याशी नीट बोलेना. चहा कडू झाला म्हणाली, पंखा वाजतो म्हणाली. केसांतली शेवंतीही बंद झाली. मी मात्र फौंड्रीत, गल्लीत, बस स्टॉपवर, जो भेटेल त्याला गॅस्केट कसं ओळखायचं आणि कसं बदलायचं ते सांगत सुटलो होतो.

एकदा उज्ज्वलाचा भाऊ घरी आला होता. त्यालाही मी सुरुवातीपासून सांगितलं. तो गेल्यावर उज्ज्वलानं दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"अक्का दर शनिवारी कुठं जायच्या?"

"गॅरेजला."

"कशाला?"

"गाडी तापायची म्हणून."

"आणि आता?"

"आता तापत नाही." हे सांगतानासुद्धा मला आनंदच झाला.

"मग आता त्यांनी तिथं काय म्हणून जायचं?"

कारखान्यात ठोका मारल्यावर आवाज कानापर्यंत यायला क्षणही लागत नाही. इथं चांगलाच वेळ लागला. मग एकेक गोष्ट येऊन आदळायला लागली. शेवंती, लाल कान, कोठावळ्यांचा घाम, घाई नाही. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. ती म्हणाली, पहिलं फूल आलं तेव्हापासून. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही ठोके मारून बघितले असते."

मला झोप लागली नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला अक्काचा रागच आला. चव्वेचाळीस वर्षांच्या हायस्कूलच्या बाईंनी हे काय चालवलंय, लोक काय म्हणतील, वगैरे. मग आठवलं की आई गेल्यापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, मी अक्काला कधी काही विचारलंच नव्हतं. ती आहे म्हणजे असणार, एवढंच गृहीत धरलं होतं. कूस बदलत पडून राहिलो. पहाटे स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला आणि त्या आवाजानं माझा डोळा लागला, इतकी मला त्याची सवय होती.

त्या शनिवारी मी सुट्टी टाकली आणि दुपारी कोठावळ्यांच्या गॅरेजला गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. कोठावळे एकटेच बसले होते. आत एक गाडी अर्धी उघडून ठेवली होती, पण त्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. दारात दोन खुर्च्या मांडलेल्या. मी एकीवर बसलो. समोरच्या टपरीवाल्यानं न सांगता दोन कप चहा आणून ठेवला. एक मी उचलला. तो माझ्यासाठी नव्हता हे घोट घेतल्यावर लक्षात आलं, आणि मग कप तसाच हातात धरून बसलो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की नवं गॅस्केटसुद्धा कधी कधी लवकर जातं का.

कोठावळ्यांनी मला विचारलं की बोल्ट कसे आवळले. मी सांगितलं. टप्प्याटप्प्यानं का, मधून बाहेर का, नंतर परत एकदा बघितले का. मी सगळ्याला हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "मग नाही जायचं. चांगलं बसवलंय तुम्ही," ते म्हणाले आणि रस्त्याकडं बघू लागले. इतकी उदास शाबासकी मला त्याआधी आणि त्यानंतर कधी मिळाली नाही.

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात आमची पांढरी गाडी वळणावरून आली आणि गॅरेजच्या दारासमोर थांबली. अक्का उतरली. मी खांबाच्या आड होतो, त्यामुळं तिला दिसलो नाही. कोठावळे उठले आणि हात बॉनेटकडं नेत त्यांनी विचारलं, "काय झालं, बाई?"

"गाडीला काही झालेलं नाही," अक्का म्हणाली. "मी आलेय."

कोठावळ्यांचा हात बॉनेटवरच राहिला. मला पाठमोऱ्या माणसाचाही चेहरा तेव्हा दिसला असं वाटलं. मी कप खाली ठेवून गुपचूप सटकायला बघितलं, तर खुर्ची सिमेंटवर करकरली. अक्कानं माझ्याकडं बघितलं. ती दचकली नाही.

"तू आहेस ते बरंच झालं," ती म्हणाली. "प्रताप, मी यांच्याशी लग्न करणार आहे. हे अजून यांनाही सांगितलेलं नाही. तुला काही म्हणायचंय?"

म्हणायला खूप काही होतं. अक्का, तुझं सगळं आयुष्य आमच्यात गेलं, असं म्हणता आलं असतं. मला माफ कर, असं म्हणता आलं असतं. नुसता तिचा हात धरला असता तरी भागलं असतं. पण माझ्या तोंडातून निघालं, "मग सकाळच्या भाकऱ्यांचं काय?"

समोरचा टपरीवाला कप विसळत होता, तोसुद्धा थांबला. मला जमिनीत जावंसं वाटलं. आणि अक्का हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसणं सरलं तरी पाणी थोडा वेळ येतच राहिलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "इंजिनाचं डोकं काढून परत बसवलंस ना? भाकरीला काय मोठं लागतं."

"मी शिकवतो त्यांना," कोठावळे म्हणाले. "मला येतात." मग त्यांना एकदम आठवलं असावं की त्यांना काहीतरी विचारण्यात आलंय. ते अक्काकडं वळले आणि म्हणाले, "हो. म्हणजे, मला चालेल. चालेल म्हणजे... हो."

"बसा गाडीत," अक्का म्हणाली.

त्यांनी साबणानं हात धुतले, नसलेलं ग्रीस पुसलं, शेवंतीच्या डब्यांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं की थोडा वेळ गॅरेज बघाल का, आत गिऱ्हाइकाची गाडी उघडी आहे. मी हो म्हणालो. अक्का गाडी चालवत होती आणि ते शेजारी बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलासारखे. गाडी रंकाळ्याच्या दिशेनं गेली. मागं धूर नव्हता.

मी खुर्चीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं एक माणूस स्कूटर ढकलत आला आणि मिस्त्री कुठायत म्हणून विचारू लागला. मी म्हणालो, बाहेर गेलेत. कधी येतील, असं त्यानं विचारलं. काही सांगता येत नाही, असं मी खरं तेच सांगितलं. त्यानं स्कूटर स्टँडला लावली, माझ्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही कोण म्हणायचं?"

"मी त्यांचा मेहुणा."

ते शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. अडकतील असं वाटलं होतं, पण सहज आले.

तो माणूस दुसरी खुर्ची ओढून आरामात बसला. "मग चहा तरी सांगा की, पाव्हणं," तो म्हणाला, आणि मी चहा सांगायला उठलो.